मूल्यं दिसतात ती व्हाउचरवर

साखर कारखान्याची कामगिरी विचारली की उत्तर दोन आकड्यांत मिळतं: गाळप किती झालं आणि उतारा किती पडला. पाच लाख टन, साडेदहा टक्के, विषय संपला. स्वयंसेवी संस्थेला असा उतारा नसतो. बीड जिल्ह्यातल्या दोन संस्थांना सारखाच निधी मिळाला असं धरू. एकीने वीस नाल्यांचं खोलीकरण केलं. दुसरीने बाराच केले. पण पोकलेन लावण्याआधी तिने दोन महिने गावात बैठका घेतल्या, आणि साठलेल्या पाण्यावर मोटारी कोणी किती टाकायच्या, ज्यांना शेतच नाही त्यांच्या शेळ्या-म्हशींनी पाणी कुठं प्यायचं, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतलं. सरस कामगिरी कोणाची? निधी देणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात पहिलीची. दुसरीला सरस म्हणायचं तर आधी ठरवावं लागतं, की आपण पाणी साठवायला आलोय की पाणी वाटायला.

म्हणून 'मूल्यांमुळे संस्थेची कामगिरी सुधारते का' हा नेहमीचा प्रश्न मुळात जरा तिरका आहे. धंद्यात कामगिरी म्हणजे काय ते आधीच ठरलेलं असतं. मूल्यं तिला हातभार लावतात किंवा तिच्या आड येतात. स्वयंसेवी संस्थेत कामगिरी कशाला म्हणायचं हेच मूल्यांवरून ठरतं. संस्थेने ते ठरवलं नाही तर निधी देणारा ठरवतो, आणि त्याला जे मोजायला सोपं ते तो ठरवतो. आमचं म्हणणं एवढंच आहे, की मूल्याचा कामाशी सांधा जुळतो तो त्यासाठी संस्थेने काही खर्च केला असेल तेव्हा. हा खर्च पैशाचा असेल, वेळेचा असेल, कधी प्रमुखाच्या अधिकाराचा असेल. ज्या मूल्यापायी संस्थेचा एक रुपया किंवा एक दिवसही कधी गेला नाही, त्याचा कामगिरीवर परिणाम शोधत बसण्यात अर्थ नाही.

मूल्यं ठरवण्याची रीत सगळीकडे एकच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, रंगीत चिठ्ठ्या, गटचर्चा, आणि शेवटी पाच शब्द: पारदर्शकता, समता, लोकसहभाग, सचोटी, संवेदनशीलता. मग फ्रेम. ती फ्रेम फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांच्या तसबिरींशेजारी लागते. जालन्यापासून धाराशिवपर्यंत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात गेलं तरी या पाचातले चार शब्द सापडतील. शब्द सगळीकडे तेच आणि काम मात्र गावागणिक वेगळं, म्हणजे फरक शब्दांनी पडलेला नाही.

तो कशाने पडतो हे पाहायचं तर सगळ्यात आधी प्रवासखर्चाचं व्हाउचर काढावं.

'शेवटच्या माणसापर्यंत' हे वाक्य बहुतेक माहितीपत्रकांत असतं. शेवटचा माणूस तांड्यावर, वस्तीवर, पालावर राहतो आणि तिथं जायला मोटारसायकल लागते. कार्यकर्ता दिवसाला साठ किलोमीटर फिरतो, महिन्याचे बावीस दिवस. म्हणजे १,३२० किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं तर साधारण साडेसव्वीस लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले (परभणीकरांनी हसू नये, राज्यातलं महाग पेट्रोल त्यांच्याकडे ही बातमी आता शिळी झाली) तर झाले सुमारे २,७७० रुपये. ऑइल, टायर, चेन, सर्व्हिसिंग यांचे किलोमीटरला ऐंशी पैसे धरले तरी आणखी हजारभर. एकूण ३,८०० च्या आसपास. संस्था देते महिन्याला ठोक दोन हजार. उरलेले अठराशे त्याच्या बारा हजारांच्या मानधनातून जातात. पंधरा टक्के.

मग तो काय करतो? फाट्यावरची, डांबरी रस्त्यालगतची गावं आठवड्यातून दोनदा करतो आणि तांड्यावर महिन्यातून एखादी चक्कर टाकतो. भेटींची संख्या पूर्ण भरते, कारण अहवालाच्या नमुन्यात 'भेट' एवढाच रकाना आहे. भेट कुठे झाली याचा नाही. सहा महिन्यांनी लाभार्थ्यांची यादी काढली की तीत रस्त्याकडेची घरं जास्त आणि तांडा नावापुरता. संचालक मंडळाला वाटतं, कार्यकर्त्यांची बांधिलकी कमी पडते आहे. म्हणून बांधिलकीवर एक प्रशिक्षण ठेवलं जातं. समता तर त्या ठोक रकमेनेच महिन्याच्या एक तारखेला रद्द केलेली असते.

हे सुधारायला मूल्यशिक्षण लागत नाही. किलोमीटरला तीन रुपये, कच्च्या रस्त्याच्या वस्तीला चार, आणि सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग लॉगबुकात. एवढं केलं की एका कार्यकर्त्यामागे वर्षाला चोवीस ते सत्तावीस हजारांचा खर्च वाढतो. दहा कार्यकर्ते असतील तर अडीच लाखांच्या आसपास. त्या संस्थेत समतेची किंमत ही आहे. ती परवडत नसेल तर चाळीस गावांऐवजी तीस घ्यावीत, पण तीस गावांतला तांडा सोडू नये. हा निर्णय अवघड असतो, कारण 'चाळीस गावांत कार्य' हे फलकावर शोभून दिसतं.

प्रवासखर्चानंतर मानधन. मानधन या शब्दाने मराठवाड्यातल्या सामाजिक कामाचं जितकं नुकसान केलं तितकं दुष्काळानेही केलं नसेल. सेवाभाव हे मूल्य खरंच आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही अनेकांनी घरची भाकरी बांधून काम केलं, ते कोणी नाकारत नाही. पण स्वतःहून पत्करलेला त्याग वेगळा आणि वेतनपत्रकात बसवलेला त्याग वेगळा. दुसऱ्या प्रकारात पगार बँकेत पंधरा हजार जमा होतो आणि दोन दिवसांत त्यातले पाच हजार काढून कार्यालयात 'स्वेच्छा देणगी' म्हणून आणून द्यायचे असतात, वर पावतीही मिळते. ज्याला दर महिन्याला स्वतःच्या पगारावर एक खोटी सही करावी लागते, त्याला बैठकीच्या हजेरीपटावर चार खोट्या सह्या करायला वेगळं धाडस लागत नाही. लेखापालाला माहीत असतं, शिपायाला माहीत असतं. मग 'सचोटी'वर बोलायला उभं राहणारा माणूस सभागृहात नेमकं कोणाकडे पाहणार?

अशा ठिकाणी माणूस टिकत नाही, ही दुसरी बाजू. पाच-सात हजार जास्त मिळाले की तो मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीला जातो आणि काल ज्या दारात बचतीचं महत्त्व सांगत होता त्याच दारात आज हप्ता मागायला उभा राहतो. नव्या माणसाला दहा-बारा गावं ओळखायला, कोणत्या भावकीचं कोणाशी पटत नाही हे कळायला सहा-आठ महिने लागतात. दर वर्षी माणूस बदलला तर संस्थेचं निम्मं वर्ष ओळखीपाळखीत जातं. हा तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. वीस किंवा जास्त माणसं कामावर असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, मानधन म्हणा की वेतन. पण 'आपण काय कंपनी आहोत का' या एका वाक्यावर तो विषय वर्षानुवर्षं ढकलला जातो.

लोकसहभागाचं मूल्य तपासायचं असेल तर गावच्या पाणी समितीचं पासबुक मागावं. २००२ मध्ये आलेल्या स्वजलधारा या पाणीपुरवठ्याच्या सरकारी कार्यक्रमात योजनेच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने भरायचा होता. जल जीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामासाठी तोच दहा टक्के, आणि डोंगरी भागात किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तिथं पाच टक्के. या योजनांमध्ये गाव तयार करण्याचं काम सहाय्यक संस्था म्हणून स्वयंसेवी संस्थांकडे आलं. समजा योजना चाळीस लाखांची आणि गाव दोनशे घरांचं. वाटा चार लाख, घरटी दोन हजार. हे जमवायला तीन-चार महिने लागतात. कोणी पाचशे देतो, कोणी कापूस विकल्यावर देतो म्हणतो, कोणी 'आधी त्यांचे आणा' म्हणतो. ही कटकट म्हणजेच लोकसहभाग. या भांडणातच गाव विचारतं, की टाकी कुठं होणार, पाइप किती इंची, वरच्या आळीला पाणी चढेल का.

संस्थेला मात्र पैसे मिळतात ते टप्पा पूर्ण झाल्यावर. तीन महिने थांबणं परवडत नाही, ठेकेदारालाही घाई असते, आणि मग एक दिवस समितीच्या खात्यात एकरकमी चार लाख जमा होतात. पासबुकात पाचशे-हजारच्या शेकडो नोंदी असतील तर गाव सहभागी झालं होतं. एकच मोठी नोंद असेल तर लोकवर्गणी ठेकेदाराने भरली. हे उघड गुपित आहे आणि त्याची फळंही ठरलेली आहेत. दुसऱ्या वर्षी मोटार जळते. दुरुस्तीला बारा-पंधरा हजार लागतात. पाणीपट्टी कोणी देत नाही, कारण योजना आपली आहे असं कोणाला वाटण्याचं कारणच घडलेलं नाही. पाइप, टाकी, मोटार सगळं असूनही टँकर येतो. इथं मूल्य आणि कामगिरी या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवताच येत नाहीत: वगळलेल्या बैठका म्हणजेच बंद पडलेली योजना.

याचा मोठा धडा मराठवाड्याने १९९३ नंतर पाहिला आहे. ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. बावन्न गावं नव्या जागी उभी करायचं ठरलं. देशभरातून संस्था, उद्योगसमूह, ट्रस्ट धावून आले आणि त्यांनी मनापासून काम केलं, यात शंका नाही. घरं वेगात उभी राहिली. पण बऱ्याच नव्या वसाहती शहरी लेआउटसारख्या आखल्या गेल्या: सरळ रस्ते, ऐसपैस अंतरं. वाड्यातलं अंगण, ओसरी, जनावरांचा गोठा, गल्लीच्या कोपऱ्यावरचा पार यांचा हिशोब त्यात बसला नाही. शेतं जुन्या गावाजवळ राहिली आणि माणसं लांब गेली. पुढे लोकांनी पदरमोड करून पडव्या काढल्या, गोठे जोडले, काहींनी शेतातच पत्रे टाकले.

याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा, कमी झळकलेला भाग होता जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा. तिथं घरमालकाला हप्त्यांत मदत मिळत होती आणि काम त्याने करून घ्यायचं होतं. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीत आडवा बंध कुठं घालायचा, छपरावरचा मातीचा भार का कमी करायचा, हप्ता कुठं अडला, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. हे काम संथ, किचकट आणि फोटोला वाईट. पण घर कोणाच्या सोयीने बांधायचं हा निर्णय तिथं घरच्यांकडे राहिला, आणि त्या बायका पुढे बचत गटांत, आरोग्याच्या कामात, ग्रामपंचायतीत दिसत राहिल्या. 'लोकांचं ऐकणं' हे मूल्य दोन्हीकडे होतं. एकीकडे ते प्रस्तावनेत होतं, दुसरीकडे कामाच्या पद्धतीत.

आता दोष सगळा संस्थांचा, असं कोणी समजू नये. निधी देणाऱ्यांचा यातला वाटा मोठा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं, कारण बोलणाऱ्याला पुढच्या वर्षीचा निधी हवा असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, यालाच सीएसआर म्हणतात. या नियमांमध्ये प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. पण करार करताना बहुतेक वेळा तीच मर्यादा संस्थेच्या गळ्यात अडकवली जाते. परदेशी निधीच्या कायद्यात तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला तो निधी देणंही बंद केलं. तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणारी कितीतरी छोटी कामं त्यात आटली.

पाच टक्क्यांत कार्यालयाचं भाडं, वीज, लेखापाल, ऑडिट, संगणक भागत नाही. मग काय होतं ते प्रशिक्षणाच्या बिलात दिसतं. बत्तीस बायका आल्या, जेवणाचं बिल पन्नास ताटांचं. ताटाला १२० रुपये धरले तर वरच्या अठरा ताटांचे २,१६० रुपये निघाले. त्यातून वीजबिल भरलं. कोणी खिशात घातले नाहीत, तरीही खोटं ते खोटंच. आणि पन्नास ताटांच्या बिलाला पन्नास सह्यांचा हजेरीपट जोडावा लागतो, म्हणून अठरा नावं घरी बसून भरली जातात. ती नावं मग 'प्रशिक्षित महिला' म्हणून वार्षिक अहवालात जातात, पुढच्या वर्षी त्यांच्याच आधारावर 'पुढील टप्प्याचं प्रशिक्षण' मंजूर होतं. वीजबिलापासून सुरू झालेली चूक तीन वर्षांत संस्थेची सगळी माहिती नासवते. ज्या संस्थेला स्वतःचे आकडे खरे की खोटे हे सांगता येत नाही, तिला काम कुठं चुकतंय हे कळणार कसं? पारदर्शकता ही देणगीदाराला खूश करायची गोष्ट आहे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की तिची पहिली गरज संस्थेलाच असते.

यावर उपाय नाही असं नाही. प्रस्तावातच लेखापालाच्या पगाराचा आणि भाड्याचा प्रकल्पनिहाय हिस्सा उघडपणे मांडावा, तीन प्रकल्प असतील तर कामाच्या दिवसांच्या प्रमाणात विभागून. काही निधीदाते तो खोडतील. चार-पाचदा खोडल्यावर एखादा ठेवतो. जो कधीच ठेवत नाही त्याच्याकडे काम घ्यायचं की नाही, हा सचोटीचा खरा पेपर.

आकडेच वाईट, असा सूर काही जुने कार्यकर्ते लावतात. तो आम्हाला मान्य नाही. संवेदनशीलतेच्या नावाखाली काहीच न मोजणाऱ्या संस्थाही इथं भरपूर आहेत आणि त्यांचं वीस वर्षांचं काम नेमकं काय झालं हे त्यांनाही सांगता येत नाही. प्रश्न कोणता आकडा धरायचा याचा आहे. बालविवाहाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं राज्यातलं प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास होतं. बीड आणि परभणीत ते चाळीसच्या वर. साहजिकच या भागात 'रोखलेले बालविवाह' हा प्रकल्पांचा आवडता आकडा झाला. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन गेला, ग्रामसेवक (गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच) आणि पोलीस मांडवात पोचले, आईवडिलांनी हमीपत्र लिहून दिलं. आकडा एकने वाढला. पंधरा दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावी, शेजारच्या जिल्ह्यात, मांडवाशिवाय उरकलं. आकडा तसाच राहिला.

मुलीचं हित हे मूल्य असेल तर मोजायचं ते 'अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न न झालेल्या मुली'. मुलगी साडेपंधराची असेल तर तीस महिने तिच्या घरी जात राहावं लागतं, दोन महिन्यांतून एकदा धरलं तरी पंधरा भेटी. तिची शाळा सुटली असेल तर बाहेरून दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, एसटीच्या पासचं बघावं लागतं, आईवडील ऊसतोडीला जाणार असतील तर ती कोणाजवळ राहील हे आधी ठरवावं लागतं. कारण 'पोरीला एकटं कुणाजवळ ठेवायचं' हेच त्या लवकर लग्नामागचं मोठं कारण असतं. या पद्धतीने वर्षाला पन्नास लग्नं 'रोखणारी' संस्था बारा मुलींवर येईल. अहवालात ती नापास दिसेल. मूल्यं कामगिरी घटवतात असं म्हणायची वेळ येते ती इथं, आणि अशा वेळी घटलेला आकडा धरून ठेवायला निधीदात्याइतकाच संचालक मंडळाचाही धीर लागतो.

मूल्य उलटंही लागू शकतं, हे मात्र सांगायला हवं. 'आपली संस्था म्हणजे एक कुटुंब' हे त्यातलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात महाग पडणारं. कुटुंब म्हटलं की भाऊ, ताई, अण्णा आले. भाऊंना उलट विचारायचं नाही, हेही आलं. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांतही ही समिती कागदावर असते, किंवा बाहेरची सदस्य म्हणून संस्थाप्रमुखांच्याच मैत्रिणीचं नाव असतं. तक्रार आली तर 'घरातली गोष्ट घरात' मिटवली जाते आणि तक्रार करणारी मुलगी दोन महिन्यांत नोकरी सोडते. तिच्यामागून गावातल्या मुलीही येणं बंद करतात. अधिकार वाटला गेलाय का, हे पाहायची सोपी खूण पैशातच आहे: रात्री साप चावलेल्या पोराला अंबाजोगाईला हलवायचं तर तालुका समन्वयक दीड हजारांची गाडी कोणाला न विचारता ठरवू शकतो का? त्यासाठी भाऊंचा फोन लागेपर्यंत थांबावं लागत असेल तर 'विकेंद्रीकरण' हा शब्द वापरू नये.

आणि एक घसरण इतकी सावकाश होते की ती कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठवाड्यात गायरानाचा, म्हणजे गावची चराऊ जमीन भूमिहीनांना कसायला मिळावी यासाठीचा, लढा जुना. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत त्याची परंपरा आहे. त्या वातावरणात निघालेल्या कितीतरी संस्थांचे जुने अहवाल जमीन, मजुरी, अत्याचाराच्या खटल्यांनी भरलेले असायचे. जमिनीचा ताबा मागणाऱ्यामागे उभं राहायला सीएसआरचा पैसा सहसा येत नाही. शिवणवर्गाला येतो, शाळेच्या रंगरंगोटीला येतो. एकेक प्रकल्प घेत दहा वर्षं गेली, की अहवालातून गायरान गेलेलं असतं आणि शिलाई मशीन आलेलं असतं. शिवणवर्ग वाईट नाहीत. पण गायरान सोडायचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, हे प्रोसिडिंग बुकात शोधलं तर सापडत नाही. तो झालाच नव्हता.

मग करायचं काय? दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचीच असेल तर हॉटेलऐवजी कार्यालयात घ्यावी आणि चिठ्ठ्यांऐवजी मागच्या आर्थिक वर्षाच्या व्हाउचरच्या फायली टेबलावर ठेवाव्यात. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोबपत्रकं द्यायची म्हणून सप्टेंबरअखेर ऑडिट करावंच लागतं, फायली तेव्हा निघालेल्याच असतात. बसायला प्रमुख, लेखापाल, दोन क्षेत्रीय कार्यकर्ते आणि कामाच्या गावातली एक-दोन माणसं. एका बैठकीत मूल्य एकच घ्यावं. समता घेतली तर तांड्यावर, पालावर, दलित वस्तीवर गेलेला खर्च हिरव्या पेनने खुणावत जावं आणि शेवटी बेरीज करावी. सहभाग घेतला तर गावाने सुचवलं म्हणून बदललेली कामं शोधावीत. वर्षभरात एकही बदललं नसेल तर गावाला विचारलं जातं की सांगितलं जातं, ते कळेल. हिरव्या खुणा सापडल्याच नाहीत तर ते मूल्य पुढच्या माहितीपत्रकातून वगळावं. चारच मूल्यं असलेली संस्था काही कमी दर्जाची नसते.

सोबत एक नकाराची वही ठेवावी: कोणता निधी, कोणती अट, कोणती घाई आपण नाकारली आणि का. वर्षाला दोन नोंदी झाल्या तरी पुष्कळ. नवा कार्यकर्ता आला की त्याला फ्रेम दाखवण्यापेक्षा ही वही वाचायला द्यावी.

सुरुवात लहान करायची असेल तर बचत गटांच्या इतिवृत्ताच्या वह्यांपासून करता येईल. सीएसआरचा पैसा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात हातात पडतो आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांची मुभा कायदाच देतो, पण करार एका वर्षाचे होतात. म्हणजे गट बांधायचे, बैठका घ्यायच्या, प्रशिक्षणं उरकायची ते नेमकं दिवाळी ते मार्च. आणि बीड, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीच्या गावांतली अर्धी घरं त्या काळात कुलूपबंद असतात. नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडीची जोडी, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेलेला असतो. तरी त्या महिन्यांची वही उघडली तर प्रत्येक आठवड्याला दहापैकी दहा हजर, एकाच शाईत, एकाच वळणात, ठराव एकमताने मंजूर. अशा वहीवर कोणताही लेखापरीक्षक शेरा मारत नाही.

त्या महिन्यांची पानं कोरी सोडायची परवानगी संस्थेने लेखी द्यावी. ज्या बायका गावात मागे राहिल्या असतील, म्हाताऱ्या, बाळंतीण, हंगामी वसतिगृहात स्वयंपाकाला लागलेल्या, त्यांची बैठक झाली तर तेवढीच नावं लिहावीत. नाही झाली तर वहीत एक ओळ पुरे: गटातल्या सात जणी तोडीला गेल्या, पुढची बैठक पाडव्यानंतर.